मिरची नव्हती तेव्हाचं ताट

मागच्या भाषणात आपण गटाच्या कर्जवहीबद्दल बोललो होतो. आज वही बाजूला ठेवू आणि मंडईत जाऊ. पुण्याच्या मंडईत, आणि तिथून सरळ नऊशे वर्षं मागे.

झालं असं, की मार्गशीर्षाच्या सुरुवातीला आमच्या गटाला एक ऑर्डर आली. पुण्यातल्या एका सोसायटीचा वार्षिक कार्यक्रम होता, साठ माणसांचं जेवण. त्यांना नेहमीचं नको होतं. ‘आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्राचं जेवण’ अशी पाटी लावून वाढायचं होतं. पाच हजार रुपये आगाऊ मिळाले. गटाने मसाला कांडायच्या डंकासाठी कर्ज घेतलेलं, त्याचा हप्ता डोक्यावर, त्यामुळे आम्ही लगेच हो म्हटलं. पदार्थांची यादी त्यांनीच पाठवली. भरली वांगी शेंगदाण्याचं कूट घालून, बटाट्याची सुकी भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा, भाकरी, पिठलं आणि सुरुवातीला साबुदाणा वडा. सगळं आमच्या हातचं, डोळे मिटून होणारं. आम्हीही खूश झालो.

सामान आणायला आम्ही चौघी गेलो तो नेमका मार्गशीर्षातला गुरुवार. चौघींचाही उपवास. एसटीतून उतरून मंडईत पोचेपर्यंत साडेदहा वाजले, म्हणून आधी एका टपरीवर खिचडी खाल्ली. आमच्याबरोबर गटातल्या एका ताईंची मुलगी होती, ती शेतकी पदविकेला आहे. ती खिचडीकडे बघून म्हणाली, “मावशी, या ताटलीतलं तूप, जिरं नि मीठ सोडलं तर सगळं अमेरिकेहून आलेलं आहे.” आम्हाला वाटलं चेष्टा करते. तिने बोटांवर मोजून दाखवलं. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका तिकडचा. बटाटा तिकडचा. शेंगदाणा तिकडचा. मिरची तिकडची. शेजारच्या टेबलावर रताळ्याचा कीस होता, तो तिकडचा. राजगिऱ्याचा लाडूसुद्धा तिकडचा! आपल्या देवाला चालणारं, सासूबाईंनी घालून दिलेलं, पिढ्यान्‌पिढ्यांचं म्हणून आपण जे खातो, ते ज्ञानेश्वरांनी कधी पाहिलंही नव्हतं. भगर तेवढी आपली जुनी.

मग आम्हाला मंडईत फिरताना भाजी दिसेना, नुसता हिशेब दिसायला लागला.

मंडईबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण जागा तशी आहे. मधला उंच मनोरा, त्याच्या आठ बाजू, खाली दगडी बांधकाम आणि ओट्यांवर बसलेल्या भाजीवाल्या बाया. ही इमारत १८८६ साली सुरू झाली. तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे होते, त्यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. त्याआधी बाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. गंमत अशी, की या इमारतीवर एवढा खर्च करायला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने मंडईला नाव पडलं ते फुल्यांचंच. मंडईत गेलात तर हे आठवा. आम्हाला तरी दर वेळी आठवतं.

तर, हिशेब. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या बाजूला पोचला. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला आणि पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. त्यांच्या गलबतांतून पुढच्या काळात एकेक पीक आपल्याकडे उतरत गेलं. त्याची खूण पुस्तकात शोधायला नको, ती आपल्या जिभेवर आहे. बटाटा हा पोर्तुगीज शब्द. काजू, अननस, पाव, कोबी, तंबाखू ही नावंही त्यांच्याच बोलीतून आलेली. मिरचीला मात्र आपल्या बायकांनी घरचं नाव दिलं. तिखट म्हणजे मिरी ही आधीची ओळख, म्हणून नवी आली ती मिरची. भुईमुगाचं तसंच. मूग माहीत होता, हा जमिनीखाली लागतो, म्हणून भुईमूग. नावातच जन्माचा दाखला आहे.

आम्ही मंडईच्या एका टोकाला उभ्या राहिलो आणि मनातल्या मनात एकेक ढीग उचलून बाजूला ठेवत गेलो. हिरवी मिरची, ढोबळी मिरची, टोमॅटो, बटाटा, रताळं, मका, श्रावणघेवडा, लाल भोपळा. फळांच्या बाजूचे पेरू, पपई, सीताफळ, अननस, चिकू. हे सगळं अमेरिकेचं. कोबी, फ्लॉवर युरोपातून आलेले. निम्मी मंडई रिकामी झाली. आमच्या आक्का म्हणाल्या, “मग त्या वेळी माणसं खात काय होती, दगड?”

दगड नाही, भरपूर होतं. वांगी होती, आणि वांगं तर आपल्याच देशातलं. पडवळ, दोडका, कारलं, तोंडली, दुधी, कोहळा, काकडी होती. वाल, पावटा, शेवगा, सुरण, अळू, मुळा, केळफूल, कच्ची केळी होती. माठ, चाकवत, चुका अशा पालेभाज्या होत्या. आलं, हळद, ओला नारळ, लिंबाच्या जातीची आंबट फळं, आवळा, चिंच, आमसूल होतं. आपण ‘गावठी’ म्हणून ज्या भाज्या मंडईच्या कडेला, खाली पोतं टाकून बसलेल्या बायांकडून घेतो, बहुतेक त्याच! मधल्या चकचकीत ओट्यांवर नवी पिकं आणि कडेच्या पोत्यावर जुनी, असं त्या दिवशी तरी आम्हाला दिसलं.

आता अडचण लक्षात आली ना? पाठवलेल्या यादीतला एकही पदार्थ जसाच्या तसा नऊशे वर्षांपूर्वीच्या ताटात बसत नव्हता. भाकरी सोडून. पिठल्यालासुद्धा फोडणीत मिरची. आणि त्याहून मोठी अडचण आमच्या पिशवीत होती. नमुना म्हणून आम्ही गटाच्या कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं बरोबर नेली होती. त्यावर आम्हीच छापून घेतलेली ओळ, ‘हजार वर्षांची परंपरा’. आणि आत निम्म्याहून जास्त लाल मिरची.

त्या दिवशी काहीच खरेदी न करता परत आलो. सोसायटीच्या बाईंना फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “अहो, कोण तपासायला बसलंय? पाटी लावायची नि वाढायचं.” आम्ही म्हटलं, आठ दिवस द्या, जमतं का बघतो, नाही जमलं तर पाच हजार परत. हे बोलताना पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू.

मग प्रश्न पडला, बघायचं कुठे? पाककृतीचं पुस्तक म्हटलं की आपल्याला ‘रुचिरा’ आठवते. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. त्याच्या मागे लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’, १९१० चं. आणखी मागे गेलं तर पुण्यात १८७५ साली निघालेलं ‘सूपशास्त्र’, ते रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं. सूप म्हणजे पाखडायचं सूप नव्हे बरं का, सूपशास्त्र म्हणजे स्वयंपाकाचं शास्त्र. पण ही झाली दीडशे वर्षांची गोष्ट. आम्हाला नऊशे वर्षं हवी होती.

वाट दाखवली ती आमच्या ओळखीच्या एका निवृत्त संस्कृत शिक्षिकेने. त्यांनी नाव सांगितलं, ‘मानसोल्लास’. हा ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा. लिहिणारा राजा, सोमेश्वर तिसरा, कल्याणीच्या चालुक्यांचा. हे कल्याणी म्हणजे मुंबईजवळचं कल्याण नाही. बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या सीमेपलीकडचं. त्याचं राज्य तेव्हा आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होतं. राजाने कसं राहावं, काय भोगावं, काय खेळावं, सगळं त्याने शंभर प्रकरणांत सांगितलंय. वीस-वीस प्रकरणांचे पाच भाग. त्यात ‘अन्नभोग’ म्हणून जेवणाचं प्रकरण आहे. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत श्रीगोंदेकर नावाच्या संपादकांनी हा ग्रंथ तीन भागांत छापून आणला. पहिला भाग १९२५ चा, दुसरा १९३९ चा, तिसरा १९६१ चा. आपल्याच मुलखातल्या आडनावाचा माणूस, म्हणून आम्हाला उगाच बरं वाटलं.

बाईंनी दोन दुपार बसून आम्हाला तो वाचून दाखवला. आमच्यातल्या चौघी बी.ए. झालेल्या, पण संस्कृत आठवीपर्यंतचंच. बाई वाचायच्या, अर्थ सांगायच्या आणि आम्ही मध्येच ओरडायचो, “अहो, हे तर आमच्याकडे करतात!” उडदाचे वडे आहेत. डाळीचे धोसक म्हणजे आपले धिरड्या-डोशांचे भाऊबंद आहेत. पापड आहेत. दही फेटून साखर घातलेली शिखरिणी आहे, म्हणजे श्रीखंडाची आजी. दूध नासवून, त्याचा गोळा तांदळाच्या पिठीत मळून, तळून साखरेच्या पाकात सोडायचा प्रकार आहे. पाच डाळींचं पीठ करून त्यात सैंधव, हळद, हिंग घालून शिजवायचं विदलपाक आहे. ते ऐकताच आक्कांनी जाहीर करून टाकलं, की हे पिठलंच. तिखटाला मिरी. आंबटाला दही-ताक आणि आंबट फळं. मिरची कुठेच नाही.

मांसाचे पदार्थही पुष्कळ आहेत. डुक्कर, हरीण, बोकड, मासे, कासव, आणि नदीकाठच्या शेतातले उंदीर कढत तेलात तळायची रीतसर कृती. हे वाचल्यावर खोलीत शांतता पसरली. मग कोणीतरी म्हणालं, राजा होता तो, त्याची हौस. पण शेतातले उंदीर भाजून खाणारी माणसं आजही आहेत आणि आपण त्यांना नाकं मुरडतो. राजाच्या ताटात तेच चालत होतं.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकत राहिली. एवढे पदार्थ, पण शिजवणारी कोण? अन्नभोगात राजाचं ताट आहे, आपल्यासारख्या बायांची चूल नाही. ज्वारी-नाचणीच्या भाकरीला, हुलग्याच्या माडग्याला राजाच्या पंगतीत कोण विचारतो. आम्ही तसं बोलून दाखवलं तेव्हा बाई हसल्या आणि त्यांनी दुसरंच प्रकरण उघडलं, गाण्याचं. तिथे सोमेश्वर लिहितो, की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. ओवीचा इतका जुना उल्लेख आपल्याकडे क्वचितच सापडतो. आम्ही चौघी गप्पच झालो. नऊशे वर्षांपूर्वी त्या राजाला आपल्या गावच्या उखळाजवळचा आवाज माहीत होता.

आणि मैत्रिणींनो, ओव्यांचाच विषय निघाला म्हणून सांगतो. हेमाताई राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या मुळशी भागापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्या, हजाराहून जास्त गावांतल्या. त्यात भावाला काय रांधून घातलं, कुठल्या डाळीचं वरण केलं, कसलं पीठ दळलं, हे बाईच्या तोंडून येतं. राजाच्या पुस्तकात जे नाही ते तिथे आहे. ओव्या गाणाऱ्या बाया आपल्या काळातल्या, म्हणून त्यांना नऊशे वर्षांचा पुरावा म्हणता येत नाही, हे खरं. पण कुठला शब्द कुठल्या भांड्याला, कुठल्या धान्याला वापरतात हे कळायला त्यांच्याइतकं दुसरं साधन नाही.

शब्दांवरून आठवलं. जुनं पुस्तक वाचताना सगळ्यात जास्त फसगत शब्दच करतात. जुन्या ग्रंथांत ‘राजमाष’ येतं. एका भाषांतरात त्याचं सरळ ‘राजमा’ केलेलं होतं आणि आम्ही राजमा आणायला निघालोही होतो! शेतकी शिकणाऱ्या मुलीने थांबवलं. राजमा हा श्रावणघेवड्याच्या घराण्यातला, म्हणजे पुन्हा अमेरिकेचाच. राजमाष म्हणजे आपली चवळी. दुसरी फसगत ‘इडरिका’. नाव ऐकून इडली वाटते आणि नातंही आहे. पण मानसोल्लासातली इडरिका नुसत्या उडदाची, मिरपूड, जिरेपूड, हिंग लावलेली लहान गोळ्यांसारखी. त्यात तांदूळ नाही, पात्रात वाफवणं नाही. आज आपण कुकरमध्ये वाफवलेली पांढरी इडली ठेवून ‘बाराव्या शतकातली इडली’ म्हटलं तर ते खोटं होईल.

काही गोष्टी गावातही खोट्या पसरलेल्या असतात. बाजरी हेमाडपंतांनी आणली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ लिहिला, त्यातल्या व्रतखंडात व्रतं नि त्यांचे नैवेद्य आहेत, त्यामुळे खाण्याच्या अभ्यासाला तो उपयोगी आहेच. पण बाजरी त्याच्या कितीतरी आधीपासून भारतात आहे. आफ्रिकेतून ती हजारो वर्षांपूर्वी आली, ज्वारीही तशीच. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ अशी अनेक वर्षं खोदकाम केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीचे जळके दाणे निघाले. सातू, गहू, मसूर, हुलगे. पुस्तक नसलं तरी चुलीतला करपलेला दाणा साक्ष देतो.

अशा साक्षी जमवण्यात आयुष्य घालवलेला एक माणूस पुण्यातच होऊन गेला. परशुराम कृष्ण गोडे, भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६१ पर्यंत क्युरेटर. हजारो पोथ्या त्यांच्या हाताखालून गेल्या आणि त्यांनी लेख लिहिले ते कशावर? जिलबीवर, हरभऱ्यावर, तंबाखूवर. राजांच्या लढायांवर लिहिणारे पुष्कळ असतात. जिलबी कधीपासून खातात हे शोधायला एखाद्यालाच सुचतं. त्यांनी एका जैन पोथीतून पंधराव्या शतकातली जिलबी शोधून काढली. ‘भोजनकुतूहल’ नावाच्या ग्रंथाकडेही त्यांनी लक्ष वेधलं. तो रघुनाथ नावाच्या मराठी पंडिताचा, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तंजावरच्या व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई या पंडिताच्या आश्रयदात्या होत्या. आमच्या कामाला तो ग्रंथ पाचशे वर्षं उशिराचा, म्हणून आम्ही बाजूला ठेवला. म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ मात्र काळाने जवळचं, तेराव्या शतकातलं. चक्रधरस्वामी गावोगाव फिरत, भिक्षा घेत, त्यामुळे साध्या घरांचं खाणंपिणं त्यातल्या आठवणींमधून डोकावतं. मराठी जुनी आहे, पण मोठ्याने वाचली की निम्मी कळते. करून बघा.

आठव्या दिवशी आम्ही नवी यादी दिली. विदलपाक, वांगी मिरी-आल्याची, पडवळ ताकातलं, इडरिका, ज्वारीची भाकरी, भात, मांडे, शिखरिणी आणि शेवटी विडा. पाटीवरचे शब्दही आम्हीच लिहून दिले. ‘मानसोल्लास या ग्रंथाच्या आधाराने, आजच्या चुलीवर.’ भाकरी ग्रंथातली नाही, आमच्या आग्रहाची, हेही खाली लिहायला लावलं. सोसायटीच्या बाई जरा नाराज होत्या, ठेचा गेला म्हणून. पण हो म्हणाल्या.

मग दुसरी फेरी, या वेळी मंडईच्या आजूबाजूला. मिरी कुठेही मिळते. पिंपळी किराणा दुकानात मिळेना. ती मिळाली काष्ठौषधीच्या दुकानात, हिरडा-बेहड्याच्या बरण्यांशेजारी. ही दुकानं म्हणजे जुन्या स्वयंपाकाची अर्धी कोठारं आहेत असं आम्हाला वाटलं. स्वयंपाकघरातून जे हद्दपार झालं ते औषध होऊन तिथे जाऊन बसलंय. पिंपळी, नागकेशर, सैंधव. दुकानदार काकांना जुनी संस्कृत नावंही पाठ, कारण वैद्य तशीच चिठ्ठी देतात. आम्ही शिखरिणीसाठी कापूर मागितला तेव्हा त्यांनी हात थांबवून विचारलं, “देवापुढे जाळायचा की खायचा?” हे लक्षात ठेवा हं. आरतीचा कापूर कारखान्यात केलेला असतो, पोटात गेला तर विषारी. खायचा भीमसेनी कापूर वेगळा, आणि तोही साठ माणसांच्या शिखरिणीत चिमटीपेक्षा कमी. आम्ही शेवटी घातलाच नाही, नुसती वेलची घातली. जुनं करायच्या नादात कुणाचा जीव धोक्यात घालायचा नाही.

तेल करडईचं घेतलं आणि थोडं तिळाचं. शेंगदाणा तेल बाद, कारण आपल्याकडे भुईमूग शेतात मोठ्या प्रमाणावर यायला लागला तोच एकोणिसाव्या शतकात. गोडाला गूळ आणि खांडसरी. मिरी दीडशे ग्रॅम आणि पिंपळी पन्नास ग्रॅम, हा साठ माणसांचा अंदाज आम्ही घरी तीनदा करून बघून काढला. पहिल्यांदा मिरचीच्या सवयीने मिरी घातली तेव्हा घसा धरला. मिरचीचा तिखटपणा जिभेच्या टोकाला भडकतो आणि लगेच हवाहवासा वाटतो. मिरी-पिंपळीचा मागून येतो, घशात उबेसारखा राहतो. वांग्याची चव पहिल्यांदा कळली असं आमच्यातली एक म्हणाली. दुसरी म्हणाली, आजारी माणसाचं जेवण वाटतं. दोघींचंही खरं आहे.

खरी परीक्षा मांड्यांची. मनातले मांडे आपण रोज खातो. मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले ही गोष्टही सगळ्यांना ठाऊक. पण आमच्या भागात करणारं कोणी उरलं नाही. बेळगावकडे लग्नात देतात ते घडीचे मांडे वेगळे. ग्रंथात मंडक आहे, गव्हाच्या पिठाचा, खापरावर भाजायचा. आता खापर कुठे शोधायचं? कसब्याच्या कुंभारवाड्यात चौकशी केली, माठ नि पणत्या होत्या, खापर नव्हतं. आणि मग घरातच सापडलं! आमच्या गटातली एक सून जळगाव जिल्ह्यातली. ती इतके दिवस आमची संस्कृतची खटपट बघत होती, एक दिवस म्हणाली, “आमच्याकडे आखाजीला करतात की. पालथं खापर चुलीवर ठेवतात आणि हातावर मांडा वाढवून टाकतात. आईला सांगू का?” आम्ही दोन दुपार पुस्तकात जे शोधलं ते तिच्या माहेरच्या चुलीवर चालू होतं. आम्ही तिला विचारलं नव्हतं, आणि तिला वाटलं होतं की ग्रंथातलं म्हणजे काहीतरी मोठं असणार, आपलं काय त्यात.

तिची आई स्वतः आली, खापर गोधडीत गुंडाळून. एसटीत मांडीवर धरून आणलेलं. तिने आम्हाला पीठ तिंबायला शिकवलं. गहू ओलवून, दळून, वस्त्रातून गाळलेलं पीठ, आणि तासभर आपटून आपटून मळणं. आमचे पहिले सात मांडे फाटले. आठवा खापरावर पडला, पण दुमडून. त्या माउलीच्या दोन्ही मनगटांवरून मांडा असा वाढत जायचा, जसं ओलं धोतर झटकावं. आम्ही कोपरापर्यंत पीठ माखून बघत राहिलो. शेवटी कार्यक्रमाचे सगळे मांडे तिने आणि तिच्या लेकीनेच केले. त्या दिवसाच्या कमाईतला त्यांचा वाटा आम्ही वेगळा काढला, त्यावर मीटिंगमध्ये जरा बोलाचालीही झाली. पण तो काढला.

जेवण झालं. साठाऐवजी सत्तर आले, ते नेहमीचंच. मुलांनी इडरिका संपवल्या, आम्ही त्या तुपात तळल्या होत्या. दोघा-तिघांनी मिरची मागितली, आम्ही दिली नाही. एक आजोबा विदलपाक तीनदा घेऊन गेले. मांड्यांपुढे मोबाईल घेऊन रांग लागली आणि जळगावच्या आजी पदर सावरून एकदम ताठ बसल्या.

विड्याच्या वेळी एक घोळ झाला. मानसोल्लासात तांबूलाचंही वेगळं प्रकरण आहे. पान, सुपारी, चुना, कात, लवंग असं सगळं आम्ही मांडलं. आमच्या आक्कांना जेवणानंतर मशेरी लागते. त्यांनी कनवटीची डबी काढली, तेवढ्यात शेतकी शिकणारी मुलगी म्हणाली, “आक्का, तंबाखूही पोर्तुगीजांनीच आणला. आजच्या पाटीत बसत नाही.” आक्का चिडल्या. मग डबी परत खोचली आणि नुसतं पान खाल्लं. रात्री एसटीत मात्र लावली.

हप्ता भरून चार हजार उरले. सोसायटीने पुढच्या वर्षीसाठी विचारलंय. त्या वेळी रब्बीत राळं पेरून बघणार होतो, पण ते खरिपाचं निघालं, म्हणून आता मृगाची वाट. आमच्या एका सासूबाईंकडे मूठभर बी आहे, तेवढ्यावर दोन गुंठे होतील. तुमच्यापैकी कोणाकडे राळ्याचं जुनं बी असेल किंवा घरी खापर असेल, तर आपल्या केंद्राच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाका. कोण करायचं, कसं करायचं, त्या वेळी काय म्हणायच्या, तेही लिहा. लिहिता येत नसेल तर नातवंडांकडून लिहून घ्या.

राहता राहिली पाकिटावरची ओळ. कांदा-लसूण मसाल्याची सहाशे लेबलं शिल्लक होती. फेकून द्यायची तर पैसे वाया. दोन मीटिंगा त्यावर गेल्या. कुणी म्हणालं, कोण वाचतं. कुणी म्हणालं, सगळेच लिहितात. शेवटी मागच्या रविवारी दुपारी आम्ही सगळ्या ओट्यावर बसलो आणि काळ्या मार्करने ‘हजार वर्षांची परंपरा’ खोडून वर ‘आमच्या सासवांची कृती’ असं लिहिलं. तीनशे झालीत. उरलेली या रविवारी.